बाहेरच्या तळ्यातले मासे हिवाळ्यात जगतात का? तळ्याची तयारी कशी करावी?

तुमचं तळं उघड्यावर आहे, त्यात गोल्डफिश आणि कोई (रंगीत जपानी कार्प मासे) आहेत, आणि हिवाळ्यात वरचं पाणी गोठतं. म्हणून मासे घरात आणावेत का, असं तुम्ही विचारलंय. तळं पुरेसं खोल असेल तर आणू नका. हे दोन्ही मासे थंडी सोसतात. ते दगावतात ते बहुतेकदा बर्फाखाली पानं, गाळ आणि उरलेलं खाद्य कुजत राहिल्यामुळे. त्या कुजण्यात प्राणवायू संपतो, विषारी वायू साठतात आणि वर बर्फाचं झाकण असल्यामुळे त्यांना बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून खरं काम पाणी गोठायच्या आधीचं आहे, पानगळीतलं.

आधी तळ्याची खोली मोजा. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यांत जड असतं, त्यामुळे वर बर्फ धरला तरी तळाशी साधारण त्याच तापमानाचा थर टिकतो आणि मासे तिथे जाऊन बसतात. गोल्डफिशसाठी निदान दोन-अडीच फूट आणि कोईसाठी साडेतीन-चार फूट खोली असावी. तेवढी नसेल तर मासे आत, पण थंडच जागेत, मोठ्या टाकीत हलवा. गप्पी, मोली असे उष्ण पाण्यातले मासे असतील, तर खोलीचा विचार न करता ते आत आणायलाच हवेत.

झाडांची पानं पिवळी पडू लागली की तळ्यावर जाळी ताणा. पाण्यात पडलेली पानं काढत बसण्यापेक्षा पडूच न देणं कितीतरी सोपं. तळाचा गाळ लांब दांड्याच्या जाळीने काढा, पण थोडा थोडा, काही दिवसांच्या अंतराने. गाळाचा काळा गोळा वर आला की सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा. एकदम सगळा गाळ ढवळलात तर तो माशांच्या आसपासच्या पाण्यातच मिसळतो. तळं पूर्ण रिकामं करून घासूनपुसून स्वच्छ करायचा मोहही टाळा. मासे बिथरतात आणि पाणी शुद्ध ठेवणारे उपयोगी जिवाणू नेमके थंडीच्या तोंडावर जातात.

जलपर्णी गोठवणाऱ्या थंडीने मरते आणि मग कुजते, म्हणून आधीच उपटून टाका. थंडीत टिकणाऱ्या कमळांची पानं छाटून कुंड्या सर्वांत खोल भागात ठेवा.

खाद्याच्या बाबतीत मी फार कडक आहे. मासा थंड रक्ताचा. पाणी गार झालं की त्याचं पचनही मंदावतं. थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि रोज एकाच वेळी बघा. पाणी १५ अंशांच्या खाली येऊ लागलं की जास्त प्रथिनांचं खाद्य बंद करून गव्हाच्या अंकुराचं, पचायला हलकं खाद्य द्या, तेही कमी. १० अंशांच्या खाली गेलं की पूर्ण थांबवा. उन्हाचा दिवस बघून मासे वर येतील, तोंड उघडझाप करतील, तुमचा जीव तुटेल. तरी देऊ नका. शरद ऋतूत नीट खाल्लेला मासा अंगातल्या चरबीवर हिवाळा काढतो. शिवाय माशांच्या विष्ठेतून आणि कुजण्यातून येणारा विषारी अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणूही या गारठ्यात सुस्तावलेले असतात, त्यामुळे न खाल्लेला प्रत्येक दाणा पाणी बिघडवतो.

धबधबा किंवा कारंजं असेल तर कडाक्याच्या थंडीत बंद ठेवा. हवेतून पडणारं पाणी आणखी गार होऊन परत तळ्यात येतं. पंप तळाशी असेल तर काढा, नाहीतर तो तळाचं त्यातल्या त्यात उबदार पाणी वर खेचून सगळं एकजीव करतो आणि माशांचा आसराच जातो. काढलेला पंप धुऊन, पाणी भरलेल्या बादलीत, न गोठणाऱ्या जागी ठेवा. म्हणजे त्याची सीलं सुकत नाहीत. पाइपांतलं पाणी काढून टाका, नाहीतर गोठून ते फुटतील. अतिनील दिवा असेल तर तोही आत आणा.

आता बर्फातलं भोक. वायू बाहेर पडायला एक जागा कायम उघडी हवी. तरंगणारा हीटर मिळतो, तो पूर्ण तळं तापवत नाही, फक्त आपल्याभोवती गोल मोकळा ठेवतो. किंवा एअर पंपाचा, हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड पृष्ठभागापासून फूटभर खाली, काठाजवळ टांगा. तो तळाशी कधीच सोडू नका, कारण मघाचंच, खालचं पाणी ढवळलं जातं. भोक बुजलंच तर बर्फावर गरम पाण्याचं पातेलं ठेवून वितळवा. हातोड्याने किंवा पहारीने फोडू नका. त्या आघाताच्या लहरी पाण्यातून थेट माशांपर्यंत पोचतात आणि त्यांना इजा होते. बर्फावर मीठही टाकू नका. हिम साचलं तर थोड्या भागावरचं हळूच झाडून काढा, आतल्या वनस्पतींना उजेड मिळाला की त्या थोडा प्राणवायू देत राहतात.

काँक्रीटचं तळं असेल तर एक लाकडी ओंडका किंवा मोठा चेंडू पाण्यावर तरंगत ठेवा. गोठताना पाणी जवळजवळ ९ टक्के फुगतं, तो दाब भिंतींऐवजी काही अंशी त्यावर जातो.

मग मासे तळाशी पर मिटून जवळजवळ निश्चल बसलेले दिसतील. कल्ल्यांची झापड अगदी सावकाश हलते, तेवढीच. घाबरून त्यांना जाळीने हलवून बघू नका. वसंतात पाणी सलग आठवडाभर १० अंशांच्या वर राहिलं की पुन्हा गव्हाच्या अंकुराच्या खाद्याने सुरुवात करा, पहिल्यांदा चिमूटभरच. पंप काढल्यामुळे थांबलेला फिल्टरही त्याच सुमारास चालू करा आणि पुढचे काही आठवडे अमोनिया तपासत राहा, कारण त्यातले जिवाणू माशांच्या भुकेपेक्षा उशिरा जागे होतात.