‘सर, बॉडी उतरायली’

निलंग्याचा असो, उदगीरचा असो की लातूर शहरातला, जिमला जाणारा मुलगा माझ्यासारख्या समुपदेशकासमोर खुर्चीत बसला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “कोर्स संपला सर, आणि बॉडी उतरायली. काय केलं तर टिकंल?” कोर्स म्हणजे स्टेरॉइडच्या, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनच्या, इंजेक्शनांचा दहा-बारा आठवड्यांचा कोर्स. हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलाय की एकदा सविस्तर लिहिणं भाग आहे. खालच्या गणेशचं नाव बदललंय, आणि त्याच्या गोष्टीत इतरांच्याही गोष्टी मिसळल्यात.

गणेश २६ वर्षांचा. घरचं खत-बियाण्यांचं दुकान. एप्रिलच्या उन्हात फुल बाह्यांचा शर्ट आणि आत दोन बनियन घालून आला होता. दंड बारीक दिसू नयेत म्हणून. कॉलर घामानं चिंब झाली होती, पण वरचं बटण काही उघडेना.

“वजन किती होतं?”

“८६. आता ८०. सात आठवड्यांत सहा किलो गेले, सर.”

“आणि कोर्सच्या आधी?”

“७५.”

८६ हा आकडा खरा स्नायूंचा नव्हताच. ही औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (साठवलेल्या साखरेसोबत) साधारण तीन ग्रॅम पाणीही बसतं. कोर्स थांबल्यावर पहिल्या काही आठवड्यांत उतरतं ते बहुतांशी हेच. १९९६ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात टेस्टोस्टेरॉनची मोठी मात्रा दहा आठवडे दिल्यावर व्यायाम न करणाऱ्यांचंही चरबी सोडून वजन तीन किलोंच्या आसपास वाढलं होतं. बसल्याजागी औषधानं जे दिलं, ते औषधाबरोबर परत जाणार. कष्टाचं जे आहे, ते बऱ्यापैकी राखता येतं.

म्हणून त्याला जिमची वही आणायला सांगितली. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठबशा) : कोर्सआधी पाच वेळा ९० किलो, कोर्सच्या शेवटी १२५, आता ११५. आरसा सांगत होता सगळं गेलं. वही तसं म्हणत नव्हती.

मुलं इथं एक घोडचूक करतात. बॉडी उतरतेय म्हटल्यावर व्यायाम दुप्पट करतात आणि कट्स दिसावेत म्हणून भाकरी बंद करतात. गणेश दोन वेळ मिळून तीन तास जिममध्ये घालवत होता. कोर्समध्ये जेवढी झीज भरून निघत होती, तेवढी आता निघत नाही, कारण शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन तळाला गेलेलं असतं. त्यावर उपाशी राहिलं की शरीर स्नायूच खातं. बारवरचं वजन शक्य तितकं तेच ठेवायचं, सेट मात्र एक तृतीयांशानं कमी करायचे. छातीचे आठवड्याला १८ असतील तर १२. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, रात्री किमान सात तास झोप. कमावलेला स्नायू राखायला, तो वाढवताना लागला त्याहून बराच कमी व्यायाम पुरतो. जेवण पोटभर हवं, वजन घटवायचे प्रयोग सहा महिने बंद.

प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.६ ते २ ग्रॅम. ८० किलोच्या गणेशला १३० ते १६०. सहा अंडी, २०० ग्रॅम चिकन, अर्धा लिटर दूध, ज्वारीच्या तीन भाकरी, वाटीभर वरण आणि ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, एवढ्यात दीडशेच्या जवळ जातं. प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्याची गरज नाही. सोयाबीनच्या वड्या म्हटल्यावर त्यानं तोंड वाकडं केलं : “त्यानं बायकांचे हार्मोन वाढतेत म्हणे.” ज्या जिल्ह्याच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात, तिथली मुलं या अफवेपायी हाताशी असलेलं स्वस्त प्रथिन टाळतात, याचं फार वाईट वाटतं. नेहमीच्या प्रमाणात सोयाबीन खाऊन पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही, हे अनेक अभ्यासांत तपासून झालंय.

एवढं सांगून भागलं असतं तर समुपदेशकाची गरजच नव्हती. चौथ्या भेटीत वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं : ‘८६ टिकवायचंच.’ मी पेन घेतला आणि त्यातल्या ‘च’ला गोल केला.

“हा काढून वाच.”

“८६ टिकवायचं.” थांबला. “सर, ‘च’ काढल्यावर दमच राहिना त्यात.”

“हा ‘च’ कुणासाठी लिहिलास?”

बराच वेळ तो बोलला नाही. मग वळून दार नीट लागलंय का बघितलं. “दिवाळीनंतर लग्न हाय. सकाळचं… ते होईना गेलंय, सर. दोन महिने झाले. त्यात बॉडी बी गेली तर तिच्यासमोर जाऊ काय घेऊन?”

विवेकनिष्ठ विचारपद्धतीत ‘हवं’ आणि ‘हवंच’ यांतलं अंतर आम्ही सतत शोधत असतो. बहुतेक वेळा माणूस ज्याच्यापुढे ‘च’ लावतो, त्याच्या मागे दुसरंच काही लपलेलं असतं. गणेशला दंडाची काळजी नव्हती. आपण पुरुष राहिलो का, ही होती. जिममध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून तो ‘साईज टिकंल का’ असा वेष घेऊन येतो. हे कळल्यापासून मी प्रत्येकाला दुसऱ्याच भेटीत झोप, इच्छा आणि सकाळच्या ताठरतेबद्दल सरळ विचारतो. लाजतात, पण सुटल्यासारखा श्वास सोडतात.

मग रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी. सोबत एलएच, एफएसएच (वृषणांना कामाचा आदेश देणारे हार्मोन), हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट, कोलेस्टेरॉल, लिव्हर, किडनी. गणेशचं टेस्टोस्टेरॉन ११८ (ng/dL) आलं. साधारण ३०० च्या वर हवं. एलएच जवळपास शून्य. बाहेरून हार्मोन मिळत राहिला की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना आदेश देणं थांबवते. वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात. कोर्स थांबल्यावर हा आदेश पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात, कुणाला वर्षाहून जास्त. काहींचं पूर्ण पूर्वपदावर येतही नाही, हेही मी लपवत नाही.

या काळात कोच मंडळी दोन गोष्टी हातात देतात. एक, ‘पीसीटी’च्या, म्हणजे कोर्सनंतर घ्यायच्या गोळ्या. त्यात टॅमॉक्सिफेन स्तनाच्या कर्करोगावरचं आणि क्लोमिफेन स्त्रीबीज तयार व्हावं म्हणून द्यायचं औषध. डॉक्टरही ती कधी वापरतात, पण रिपोर्ट बघून. एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) किंवा एमडी फिजिशियनला कोणतं औषध किती आठवडे घेतलं ते खरं सांगा, जिमची क्रिएटिन पावडर चालू असेल तर तेही. नाहीतर किडनीच्या रिपोर्टमधलं क्रिएटिनीन बघून उगाच घाबराल. दुसरी, ‘छोट्या डोसवर चालू ठेव.’ छोटा डोसही पिट्युटरीला झोपवूनच ठेवतो. आणि कोर्सनंतरच्या या उतारात मन फार खाली जातं. जगणं नकोसं वाटायला लागलं तर रिपोर्टची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

शेवटच्या इंजेक्शनला सहा महिने झाले तेव्हा गणेशचं टेस्टोस्टेरॉन ३४२ होतं, वजन ७९. अंगात एकच बनियन.

“कोच म्हणायलेत, लग्नापुरता एक कोर्स मारून घे.”

“मग?”

“वही दाखवली त्यांना. स्क्वॉट १२०.”

वीर्यतपासणीत शुक्राणू अजून कमीच आहेत. ते तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून पुढची तपासणी लग्नाच्या तोंडावर ठेवलीय. त्याआधी होणाऱ्या बायकोशी कसं बोलायचं, यावर पुढच्या बुधवारी बसणार आहोत.