ड्रायरला इतका वेळ का लागतो? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे गरम हवा नळीतून बाहेर सोडणारा सात किलोचा ड्रायर आहे. पूर्वी तासाभरात वाळणाऱ्या कपड्यांना आता दोन तास लागतात, कपडे हाताला चटका बसेल इतके गरम निघतात आणि किंचित करपल्यासारखा वास येतो. पावसाळ्यातल्या दमट हवेमुळे असे होते का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : दमट हवेमुळे कपडे वाळायला थोडा जास्त वेळ लागतो हे खरे, परंतु वेळ दुप्पट होणे, कपडे अति तापणे आणि करपट वास येणे ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, की हवेची वाट तुंबली आहे असेच समजावे आणि ती मोकळी होईपर्यंत ड्रायर मुळीच लावू नये. तापलेली हवा कपड्यांमधून जाऊन त्यांतली वाफ सोबत घेऊन बाहेर पडली, तरच कपडे वाळतात. कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक तंतूंचा, म्हणजेच लिंटचा, थर जाळीवर आणि नळीत साचला की हवा अडते, वाफ आतच राहते, यंत्र जास्त वेळ चालते आणि हीटरजवळची उष्णता वाढत जाते. तोच कोरडा लिंट ठिणगीसरशी पेटतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार २००८ ते २०१० या काळात तिथल्या घरांमध्ये ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागत होत्या आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण यंत्राची सफाई न करणे हे होते.

लिंटची जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करायलाच हवी. एवढ्यावर न थांबता ती नळाखाली धरून पाहावी. पाणी आरपार न जाता जाळीवर साचून राहिले, तर कपड्यांना मऊपणा आणणाऱ्या कंडिशनरचा पातळ थर तिच्यावर बसला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, पण हवा अडवतो. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश वापरून जाळी धुवावी व पूर्ण सुकल्यावरच परत बसवावी. त्यानंतर प्लग काढून मागची नळी सोडवावी आणि आतून पाहावी. नळी धातूची, शक्य तितकी आखूड आणि कमीत कमी वळणांची असावी. प्लॅस्टिकची असेल तर बदलून घ्यावी. कोकणात पाखरांनी घरटे करू नये म्हणून नळीच्या बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावण्याची पद्धत दिसते. हेतू चांगला असला तरी लिंट नेमका तिथेच अडकतो, म्हणून तिच्याऐवजी झडप असलेले तोंड बसवावे. यंत्र चालू असताना झडप उघडून हाताला हवेचा जोरदार झोत लागला पाहिजे.

इतके करूनही वास गेला नाही, तर तंत्रज्ञाकडून यंत्र उघडून आतला लिंट काढून घ्यावा. मात्र उष्णता वाढल्यावर वीज तोडणारा कट-आउट वारंवार पडतो म्हणून कोणी तो ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाले, तर स्पष्ट नकार द्यावा. आग लागण्यापूर्वीचा शेवटचा अडसर तोच असतो.

प्रश्न : ड्रायर घेतल्यापासून पावसाळ्यात विजेचे बिल वरच्या टप्प्यात जाते. हीट पंपाचा ड्रायर निम्म्या विजेत चालतो असे दुकानदार सांगतात. जुना काढून तो घ्यावा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दुकानदार सांगतात ते ढोबळ मानाने बरोबर आहे. हीट पंप बाहेर टाकली जाणारी उष्णता पुन्हा वापरतो, कमी तापमानावर काम करतो आणि साध्या ड्रायरच्या सुमारे निम्मी वीज घेतो; वेळ मात्र जास्त लावतो. पण आपल्या हवामानात हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा. साधा ड्रायर एका खेपेला तीन युनिट घेतो असे धरले, तर हीट पंपामुळे दीड युनिट वाचेल. आठवड्याला तीन खेपा आणि पावसाळ्याचे चार महिने म्हणजे जेमतेम पन्नास खेपा, अर्थात वर्षाला ७५ युनिट. तेवढ्यासाठी चांगले चालणारे यंत्र मोडीत काढू नये असे माझे मत आहे. थंड देशात वर्षभर रोज ड्रायर लावणाऱ्या कुटुंबाचा हिशेब अर्थातच वेगळा निघेल.

त्याऐवजी ड्रायरमध्ये जाणारे पाणीच कमी करावे. एक लिटर पाण्याची वाफ करायला निसर्गनियमानेच सुमारे ०.६३ युनिट उष्णता लागते आणि साध्या यंत्रात प्रत्यक्ष खर्च त्याहून जास्त येतो. पाच किलो सुती कपडे वॉशिंग मशीनमध्ये मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या वेगाने पिळले तर त्यांत साधारण साडेतीन लिटर पाणी उरते. १,२०० फेऱ्यांना ते पावणेतीन लिटरच्या आसपास येते. हे पाऊण लिटर पाणी वॉशिंग मशीन फिरवून काढायला अगदी नगण्य वीज लागते, तेच ड्रायरने काढायला अर्ध्या युनिटहून अधिक. त्यामुळे टॉवेल, चादरी आणि जीन्स यांना पिळण्याचा वेग वाढवावा, हवे तर पिळण्याची एक फेरी जादा घ्यावी. जाड टॉवेल आणि पातळ कुर्ते एकत्र घालू नयेत, कारण टॉवेल वाळेपर्यंत कुर्ते विनाकारण भाजत राहतात. कपडे आधी छताखालच्या दोरीवर पंख्याच्या वाऱ्याला अर्धवट सुकवून मग वीस-पंचवीस मिनिटे ड्रायरमध्ये फिरवले, तर बिलातला फरक त्याच महिन्यात दिसेल. ओलावा ओळखणारा सेन्सर असेल तर ठरावीक वेळेऐवजी तोच कार्यक्रम वापरावा.

प्रश्न : बंदिस्त केलेल्या ड्राय बाल्कनीत गॅस गिझर आणि ड्रायर शेजारी-शेजारी आहेत. बाळाच्या मालिशची दुपटीही त्यातच वाळवतो आणि रात्री यंत्र लावून झोपतो. यात काही धोका आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आहे, आणि तो गंभीर आहे. हवा बाहेर फेकणारा ड्रायर खोलीतली हवा सतत ओढून घेतो. खोली बंद असेल तर हवेचा दाब कमी होऊन गिझरचा जळलेला वायू बाहेर जाण्याऐवजी उलटा आत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. ही दोन्ही उपकरणे एकाच वेळी कदापि चालवू नयेत, बाल्कनीची खिडकी उघडी ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर गिझर तिथून हलवावा.

तेलकट दुपट्यांचा धोका सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तीळ, करडई, सूर्यफूल, जवस यांसारख्या तेलांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता निर्माण होते. थंड पाण्याच्या धुण्यात तेल पूर्ण निघत नाही. अशी कापडे ड्रायरमध्ये तापली आणि गरम असतानाच त्यांचा ढीग करून ठेवला, तर उष्णतेला बाहेर पडायला वाव न मिळून काही तासांनी ती आपोआप पेटू शकतात. खोबरेल तेलात हा धोका बराच कमी असला तरी बाजारातली मालिशची तेले बहुधा मिश्र असतात. म्हणून दुपटी आणि स्वयंपाकघरातली फडकी गरम पाण्यात धुऊन दोरीवरच वाळत घालावीत. मागे रबर असलेली पायपुसणीही ड्रायरमध्ये घालू नयेत.

कपडे थंड होण्यासाठी शेवटची काही मिनिटे ड्रायर हीटर बंद ठेवून फिरत असतो, तो मध्येच थांबवू नये. वीज गेल्यास ही फेरी होत नाही आणि तापलेले कपडे आत तसेच गोळा होऊन राहतात. अशा वेळी दार उघडून ते लगेच काढावेत आणि पसरून ठेवावेत. झोपेत हे कोण करणार? त्यामुळे घरात कोणीतरी जागे असतानाच ड्रायर लावावा. त्याला एक्स्टेन्शन बोर्ड न वापरता भिंतीतला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट द्यावा. खेप संपल्यावर प्लगला हात लावून पाहावा आणि तो चांगलाच तापलेला लागला, तर वायरमनला दाखवल्याशिवाय पुढची खेप लावू नये.