दहा-बारा वर्षं जुनी अमेरिकन राय व्हिस्की हाती आलीये, नीट प्यायची कशी?

आधी बर्फ आणि सोडा बाजूला ठेवा, निदान पहिल्या पेगला तरी. ट्युलिपच्या आकाराचा ग्लास असेल तर उत्तम, त्यात थोडीशी ओतून दहा मिनिटं तशीच राहू द्या आणि मग तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, नाहीतर नुसतं अल्कोहोल नाकात झोंबतं. राय व्हिस्कीमध्ये अमेरिकन कायद्याने किमान ५१% राय (गव्हासारखं एक धान्य) असावं लागतं, त्यामुळे चवीला काळी मिरी, दालचिनी, पुदिना, कधीकधी चक्क शेपूसुद्धा लागतो. आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपात इतकी वर्षं काढल्यावर वर कॅरॅमल, व्हॅनिला, चामडं, तंबाखू असं सगळं चढतं.

पहिला घोट फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून, चव दुसऱ्या घोटाला कळते. अल्कोहोल ५०%च्या वर असेल तर दोन-चार थेंब साधं पाणी घाला, वास एकदम मोकळा होतो.

आणि जुनी म्हणजे भारीच असं काही नाही हां, अमेरिकेतल्या केंटकीच्या उन्हाळ्यात पिंपाच्या लाकडाचा अर्क व्हिस्कीत पटापट उतरतो, मग जास्त उकळलेल्या चहासारखा तुरटपणा येतो आणि रायचा मसाला दबतो. गिळल्यावर मिरीचा चटका मागे राहिला तर बाटली मस्त आहे. कोकमध्ये घालणार असाल तर स्वस्तातली घ्या राव.