बी.एस्सी. अ‍ॅग्रीनंतर पशुविज्ञानात एम.एस.: प्राध्यापकांची उत्तरं का येत नाहीत?

शिरूर तालुक्यातली मुलगी, पुण्यात बी.एस्सी. (ऑनर्स) अ‍ॅग्री झालेली, सीजीपीए 7.6, घरी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायींचा गोठा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अमेरिकेत पशुविज्ञानात एम.एस. करायचं म्हणून तिने ढीगभर प्राध्यापकांना मेल पाठवले, उत्तर एकाचंही नाही, तेव्हा ती आमच्याकडे सल्ल्याला आली. कारणही तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं: ‘मी व्हेटरनरीची नाही, त्यात मार्क कमी.’ सोबत आलेल्या वडिलांची शंका वेगळीच: ‘मॅडम, एवढं करून ही गुरांची डॉक्टर होणार ना?’

आधी वडिलांना उत्तर दिलं. नाही होणार. जनावरांवर उपचार करायला बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी आणि पशुवैद्यक परिषदेची नोंदणी लागते. शिरवळला किंवा माफसूच्या (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) इतर महाविद्यालयांत एम.व्ही.एस्सी. करायचं तरी तीच पदवी आधी हवी. पशुविज्ञान म्हणजे जनावराचा आहार, पैदास, प्रजनन, वर्तन, मांस-दुधाची प्रत. त्यातली कामं पशुखाद्य आणि कुक्कुट कंपन्यांत, पैदास कार्यक्रमांत, संशोधनात मिळतात. घरात हा गैरसमज राहिला तर तो दोन वर्षांनी फार महागात पडतो.

आता मुलीची शंका. अमेरिकेतल्या अ‍ॅनिमल सायन्स विभागांत चार वर्षांची पदवी घेतलेली बिगर-व्हेटरनरी मुलंच मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे ‘मी व्हेट नाही’ हे कारण बाद. 7.6 सुद्धा दार बंद करणारा आकडा नाही. खरी अडचण तिथली जागा कशी ठरते, हे माहीत नसण्यात होती. आपल्याकडे सीईटी, मेरिट लिस्ट, फेरी असा क्रम असतो. तिथे थीसिसच्या एम.एस.साठी बहुतेक ठिकाणी आधी कुणीतरी प्राध्यापक तुम्हाला घ्यायला तयार व्हावा लागतो, आणि तो तयार होतो ते त्याच्याकडच्या प्रकल्पात पगाराचे पैसे असतील तर. गुण बऱ्याचदा फक्त चाळणीपुरते. 

तिचा मेल वाचल्यावर उत्तरं का आली नाहीत ते लगेच कळलं. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात, मग ‘लहानपणापासून जनावरांची आवड’, आणि रस कशात, तर न्यूट्रिशन, जेनेटिक्स, बायोटेक्नॉलॉजी, सगळ्यात. सोबत गुणपत्रकांची जडशीळ पीडीएफ. असा मेल रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आहारावर काम करणाऱ्याला गेला काय किंवा कोंबड्यांच्या जनुकांवर काम करणाऱ्याला गेला काय, काही फरक पडत नाही, म्हणूनच दोघंही तो पुसून टाकतात.

आम्ही तिला एकच शाखा निवडायला लावली: दुभत्या गायींचा आहार. मग विचारलं, हातात काय आहे? म्हणाली, ‘काहीच नाही.’ होतं मात्र बरंच. डेअरीच्या फॅट-एसएनएफच्या (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घनपदार्थ) पावत्या डब्यात पडलेल्या, रेतनाच्या आणि विण्याच्या तारखा कॅलेंडरवर लिहिलेल्या, मुरघास (हवाबंद करून आंबवलेला चारा) आणि सरकी पेंड किती घालतात ते वडिलांना तोंडपाठ. हे सगळं एका एक्सेल तक्त्यात उतरवलं: गाय, वेत, विण्याची तारीख, सकाळ-संध्याकाळचं दूध, खुराक किलोत, फॅट, दोन वेतांमधलं अंतर. पावती सगळ्या गोठ्याच्या दुधाची असते, एकेका गाईची नाही, म्हणून फॅटचा रकाना गायवार भरायचा नाही हेही तिला सांगावं लागलं. ओढूनताणून भरलेला आकडा मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

अभ्यासक्रमाचीही पडताळणी केली. ‘लाइव्हस्टॉक अँड पोल्ट्री मॅनेजमेंट’ 4 क्रेडिट, आणि शेवटच्या सत्रात तिने घेतलेलं पोल्ट्रीचं मॉड्यूल 10 क्रेडिट. त्या मॉड्यूलमध्ये तिने ब्रॉयलरच्या (मांसासाठीच्या कोंबड्यांच्या) तुकडीचं एफसीआर, म्हणजे किलोभर वजनवाढीला किती किलो खाद्य लागलं ते, काढलं होतं. मेलेल्या पक्ष्यांनी खाल्लेलं खाद्य कसं धरलं, हे तिला सांगता आलं. सीव्हीत ही ओळ पदकापेक्षा वजनदार ठरते. बायोकेमिस्ट्रीच्या पेपरच्या नावात मात्र ‘प्लांट’ शब्द आहे. तिकडचा समन्वयक नाव वाचून हा पेपर धरायचा नाही असं म्हणू शकतो, म्हणून त्याच्या अभ्यासक्रमाचं पान तयार ठेवायचं.

नवा मेल दीडशे ते दोनशे शब्दांचा. पहिल्या दोन ओळींत त्या प्राध्यापकाच्या एका अलीकडच्या शोधनिबंधातला नेमका मुद्दा आणि त्यावर स्वतःचा एक प्रश्न. मग स्वतःला येणारी दोन कामं: जेल्डाल पद्धतीने नायट्रोजन काढून 6.25 ने गुणून कच्ची प्रथिनं मोजणं, आणि ‘आर’ या संगणक प्रणालीत आकडेवारीचं विश्लेषण. शेवटी कोणत्या वर्षीच्या फॉलसाठी (तिथल्या ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्रासाठी) अर्ज आहे आणि असिस्टंटशिपची, म्हणजे काम करून मानधन मिळण्याची, जागा आहे का, ही सरळ विचारणा. सोबत दोन पानी सीव्ही, बाकी काही नाही. पाठवायचा ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, मंगळवार ते गुरुवार, आपल्या संध्याकाळी साडेसहाला. तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजलेले असतात. दोन आठवड्यांनी एकदाच आठवण. त्यापुढे मागे लागू नये.

या वेळी मेल मोजकेच गेले. काहींनी ‘यंदा निधी नाही’ कळवलं (हेसुद्धा उत्तरच, पुढच्या वर्षी तिथे दार ठोठावता येतं), आणि एकाने व्हिडिओ कॉल ठेवला. गुणांविषयी त्याने विचारलंही नाही. मुरघासाची प्रत कशी ओळखतेस, हे विचारलं.

अर्जाची फी भरायची ती असं बोलणं झाल्यावरच. प्रत्येक विद्यापीठाला बहुधा 50 ते 100 डॉलर जातात आणि ते परत मिळत नाहीत. अंतिम तारखा बऱ्याच ठिकाणी 1 डिसेंबर ते 15 जानेवारीच्या दरम्यान असतात, म्हणजे राहुरीहून, तिच्या कृषी विद्यापीठातून, ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांचं अधिकृत गुणपत्रक) मागवायचं ते दिवाळीच्या आधी. हमखास घोळ होतो तो नावात. गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. अर्ज, आयईएल्टीएस, ट्रान्सक्रिप्ट तिन्ही पासपोर्टच्या नावाशी जुळवा, नाही जुळलं तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा. शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. आपले सर जीमेलवरून पाठवतो म्हणतात, पण कित्येक पोर्टल संस्थेचाच ईमेल पत्ता मागतात. महाविद्यालयाचा पत्ता चालू आहे का, हे आधी बघून घ्यायला सांगा.

इथली वाट सोडायची नाही, हे तिच्या वडिलांनाही पटलं. राहुरीला पशुसंवर्धन व दुग्धशास्त्रात एम.एस्सी. (अ‍ॅग्री) आहे. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) पीजी प्रवेश परीक्षेत 120 प्रश्न, 480 गुण, दोन तास, चुकीला एक गुण वजा. तिथे विषयगट निवडण्याआधी पात्रतेच्या तक्त्यात बी.एस्सी. अ‍ॅग्री लिहिलंय का ते प्रत्येक शाखेपुढे तपासायचं. पशुविज्ञानाच्या गटातल्या कित्येक शाखा फक्त व्हेटरनरीवाल्यांना आहेत, आणि हे मुलांना परीक्षेनंतर कळतं.

ऑफरचं पत्र आलं की आकडा बघून लगेच होकार देऊ नका. मानधन 9 महिन्यांचं की 12, शिक्षणशुल्क पूर्ण माफ की फक्त परराज्याचा वाढीव भाग, आरोग्य विमा कोण भरणार, आणि माफीतून सुटलेल्या किरकोळ फिया किती, हे मेलवर लेखी विचारा. आठवड्याचे कामाचे तास साधारण 20 धरलेले असतात. बहुतेक मोठी विद्यापीठं ‘15 एप्रिलचा ठराव’ या अमेरिकी विद्यापीठांच्या आपसातल्या करारात सामील आहेत, म्हणजे निधीसह आलेल्या ऑफरवर त्या तारखेआधी निर्णय देण्याची सक्ती नसते. तेवढ्या मुदतीत दुसऱ्या ठिकाणचं उत्तरही येऊ शकतं.