दुर्गम आदिवासी गावातील तरुणांना गावातच रोजगार आणि नेतृत्वाची संधी कशी मिळेल?

आपला प्रश्न असा आहे की, गडचिरोलीच्या दुर्गम भागातील मुले दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात, कौशल्य प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे घरी पडून राहतात, मग गावातच रोजगार आणि तरुण नेतृत्व उभे राहणार कसे? धानोरा भागातील काही ग्रामसभांच्या जमाखर्चाचे काम मी पाहतो. त्या अनुभवावरून सांगतो की, गावाच्या हक्काचे उत्पन्न आधी उभे राहिले आणि त्याचा हिशेब गावातील मुलांच्या हाती आला, तर प्रशिक्षणाचा उपयोग होतो; उलट क्रमाने सहसा होत नाही.

गडचिरोलीतीलच मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आपण ऐकली असेल. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, परंतु बांबू विकता येईना; कारण कायद्याने बांबूला गौण वनोपज (म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा इतर माल) म्हटले असले, तरी वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनविभाग सोडत नव्हता. अखेर एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले, आणि 2012 च्या सुधारित नियमांनी हा अधिकार सर्वच ग्रामसभांसाठी स्पष्ट केला. या घटनेची चर्चा स्वशासनाच्या अंगाने पुष्कळ झाली. रोजगाराच्या अंगाने मात्र कमी झाली. ट्रकचा क्रमांक, मालाची संख्या, कोठून कोठे जाणार हे सारे त्या पुस्तकात बिनचूक भरणारे कोणी तरी गावात लागते, आणि ते काम साहजिकच शिकलेल्या मुलामुलींकडे येते.

तेंदूपत्त्याच्या, म्हणजे बिडीच्या पानांच्या, हंगामात हे अधिक ठळकपणे दिसते. मे महिन्यात सकाळी तोडलेली पाने घरी बसून सत्तर-सत्तरच्या पुड्यांत बांधली जातात आणि दुपारनंतर फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागेवर, येतात. तेथे पुडे ओळीने मांडून मोजले जातात. एक नोंद ग्रामसभेच्या वहीत, दुसरी त्या कुटुंबाच्या कार्डावर. पूर्वी ही नोंद करणारा मुन्शी कंत्राटदाराचा माणूस असे आणि तो सांगेल तो आकडा खरा मानावा लागे. जेथे ग्रामसभा स्वतः विक्री करते, तेथे वहीवर गावचीच बारावी झालेली मुलगी बसलेली मी पाहिली आहे. एका आजींनी कार्डावरचा आकडा मान्य नाही म्हणून तिच्याकडून सगळी ओळ पुन्हा मोजून घेतली, आणि तिनेही ती मुकाट्याने मोजली. माझ्या मते कोणत्याही नेतृत्व शिबिरापेक्षा हे शिक्षण मोठे आहे.

मात्र फळीवरची वही हा कामाचा लहान भाग झाला. लिलावाची जाहिरात, करारातील अटी, आगाऊ रकमेची वसुली, पॅन, जीएसटी, बँक खाते आणि लेखापरीक्षण ही कामे वर्षभर पुरतात, आणि त्यांसाठी ग्रामसभेने मानधन ठरवले पाहिजे. फुकट काम करणारा तरुण दोन वर्षांत कंटाळतो किंवा नको त्या वाटेने आपला मोबदला मिळवू लागतो. (हे बोलायला कोणाला आवडत नाही, पण घडते.) म्हणून मानधनाच्या जोडीला भर सभेत हिशेबाचे वाचन हवेच.

सगळा पैसा वाटून टाकायचा की काही जंगलासाठी ठेवायचा, हाही प्रश्न तरुणांपुढे येतो. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने बांबूवर भर दिला आणि तेंदू तोडणी बंद केली, कारण त्यासाठी झाडांची छाटणी होते आणि आगी लावल्या जातात. हातचे उत्पन्न सोडण्याचा असा निर्णय सभेत मांडून सर्वांना पटवणे, याला मी नेतृत्व म्हणतो.

या मार्गाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. तेंदूचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, भाव पडतात, कंत्राटदार पैसे थकवतात आणि एकट्या गावाचे त्यांच्यापुढे चालत नाही. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी म्हणूनच महाग्रामसभा, म्हणजे ग्रामसभांचा एकत्रित संघ, उभारली आणि तिच्यात स्त्रियांना हेतुपुरस्सर स्थान दिले. एवढे करूनही प्रत्येक तरुणाला बारमाही काम मिळेल, असे मी म्हणणार नाही. काही जण बाहेर जातीलच. याच जिल्ह्यातील सुरजागडच्या लोहखाणीने नोकऱ्या आणल्या हेही खरे आहे, मात्र तेथील कामाच्या अटी गावाच्या सभेत ठरत नाहीत.

आपण अशा गावात काम सुरू करणार असाल, तर प्रशिक्षण केंद्राचा प्रस्ताव लिहिण्यापूर्वी सामूहिक वनहक्काचा दावा कोठे अडला आहे ते असे दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीकडे विचारा. हक्कपत्र आधीच मिळाले असेल, तर ते मागवून त्यातील सीमा गावातल्या जाणत्या माणसांबरोबर जंगलात फिरून ताडून पाहा आणि त्या फेरीत दोन-चार मुलामुलींना बरोबर घ्या. पुढे नकाशा, आराखडा आणि वही त्यांच्याकडेच जाणार आहे.