दोन वर्षं विसरा, 180 दिवस मोजा

प्रश्न : तासगावचे बेदाणे मी स्वतःच्या वेबसाइटवरून विकतो. पाच महिन्यांपूर्वी एका रात्रीत डेटाबेस रिकामा झाला. ऑर्डरी, पत्ते, उधारी, सगळं गेलं. होस्टिंग कंपनी म्हणते, तुमच्याच डेव्हलपरने टेबलं (डेटाबेसमधले तक्ते) उडवली आणि बॅकअप ही ग्राहकाची जबाबदारी आहे. बिलात मात्र ‘रोजचा बॅकअप’ म्हणून वेगळे पैसे लावलेत. डेव्हलपर रोज डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) काढायचा, पण तो त्याच सर्व्हरवर ठेवायचा. दावा करू का?

उत्तर : करा, पण त्याआधी नोटीस. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 प्रमाणे तक्रारीला दोन वर्षं मिळतात, म्हणून असे पक्षकार निवांत असतात. तुमची खरी मुदत वेगळीच आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादारांनी मागच्या 180 दिवसांचे लॉग, म्हणजे सर्व्हरवर कुणी कधी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, जपायचे असतात. त्यापुढे सक्ती नाही. टेबलं कुणाच्या लॉगिनने उडाली, त्या रात्री कंपनीचा बॅकअप चालला की आधीच बंद पडला होता, हे त्या लॉगमध्येच सापडेल. आणि तुम्ही पाच महिने सपोर्टच्या तिकिटावर ‘कृपया लक्ष घाला’ लिहीत बसलात!

उद्याच स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस पाठवा. खातं, डेटाबेसचं नाव, तारीख आणि वेळ लिहा. लॉगिनचे, डेटाबेसचे आणि बॅकअपचे लॉग नष्ट करू नका, एवढंच मागा. लॉग तुमच्या हातात द्यायला ते बहुधा नकार देतील. पण ग्राहक आयोग ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38(9) खाली ते मागवू शकतो, आणि नोटिशीनंतर पुसले तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 119 खाली, लॉग कंपनीच्या विरोधात जाणारे होते, असं अनुमान काढायला जागा राहते. नोटीसच नसेल तर ‘मुदत संपली, पुसले’ एवढं उत्तर त्यांना पुरतं.

करारातल्या ‘जबाबदारी ग्राहकाची’ या कलमाची फार धास्ती नको. बॅकअपचे वेगळे पैसे घेऊन तसं म्हणणं जड जाईल. भरपाई काही महिन्यांच्या फीपुरती मर्यादित करणारं कलम असेल तर ते टिकेल की नाही, सांगता येत नाही. न्यायक्षेत्र बंगळुरूचं लिहिलं असलं तरी तक्रार सांगलीत करता येते. तुमची खरेदी ‘व्यापारी हेतूची’ होती असा वाद ते घालतीलच. धंदा स्वतः चालवता आणि पोट त्यावरच आहे, हे कागदांनी दाखवा. तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी, असं कायदा म्हणतो. म्हणू द्या.

तुमची दुखरी बाजू भरपाईची आहे. करार कायद्याच्या कलम 73 खाली, नुकसान टाळायचं साधन तुमच्या हाताशी होतं का, हेही पाहतात. आणि ते होतं. इनोडीबी (मायएसक्यूएल डेटाबेसमधला टेबलांचा एक प्रकार) टेबलांचा डंप सिंगल ट्रान्झॅक्शनने, म्हणजे एकाच क्षणाची स्थिती धरून, काढला तर विक्री चालू असतानाही सुसंगत प्रत मिळते. ती दुसरीकडे उतरवून घ्यायची एवढंच राहिलं होतं. हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच.

जुना डंप एखाद्या लॅपटॉपवर सापडला तर त्यात काही बदलू नका. त्याचा हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) काढून साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र तयार ठेवा; प्रमाणपत्राचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. डेव्हलपरशी मात्र तूर्त भांडू नका. तो तुमचा साक्षीदार आहे की प्रतिवादी, हे लॉग हाती आल्याशिवाय ठरणार नाही.