लंडनला पुन्हा जा, पण ठेव मोडून नको

ठाण्याच्या एका निवृत्त शिक्षिकांनी विचारलं आहे: वय 62. यजमानांच्या नोकरीमुळे 2001 ते 2004 अशी तीन वर्षं लंडनला, वेम्ब्लीत राहिले. आता कॉलेजच्या मैत्रिणीसोबत नाताळात दोन आठवडे तिथे जायचं मनात आहे. माणशी चार लाख धरलेत. माझे चार लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतल्या 30 लाखांतून काढीन म्हणते. मैत्रिणीला दीड लाख कमी पडतात, ते मी घालीन. तिची नाशिकची जागा विकली गेली की ती परत देईल. मुलगा म्हणतो, "राहून आलेल्या शहरात परत कशाला? तेवढ्यात व्हिएतनाम आणि दुबई दोन्ही होईल." काय करावं?

ताई, जाच. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून एवढं नक्की सांगता येतं की या सहलीने तुमच्या म्हातारपणाच्या तरतुदीला धक्का लागत नाही. पण पैसे कुठून काढायचे, कधी जायचं आणि मैत्रिणीचा हिशेब कसा ठेवायचा, या तिन्ही बाबतींत तुमचा बेत मला बदलावासा वाटतो.

आधी बचत योजनेचं. या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत. चार लाखांसाठी अख्खं 30 लाखांचं खातं बंद करावं लागेल. तुमच्या खात्याला दोन वर्षं होऊन गेलीत, पाच व्हायचीत, म्हणजे मुदलातून एक टक्का कापला जाईल. तेच 30,000 रुपये झाले, जवळपास एका विमान तिकिटाच्या निम्मे. उरलेले 25 लाख 70 हजार पुन्हा याच योजनेत ठेवायचे म्हटलं तर त्या दिवशी जो दर असेल तो लागणार, आणि पाच वर्षं नव्याने सुरू. आज तुम्हाला 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 रुपये मिळतात. तुमचं घर या व्याजावर चालतं. त्याला हात लावू नका.

पैसे दुसरीकडे आहेत. तुमच्या 9 लाखांच्या तीन मुदत ठेवी आहेत आणि त्यातली 3 लाखांची नोव्हेंबरमध्ये पिकते. शिवाय पेन्शन 31,000, तिमाही व्याजाचे महिन्याला 20,500 आणि घरखर्च 40,000, म्हणजे दरमहा साडेअकरा हजार शिल्लक पडतात. आजपासून जानेवारीअखेरपर्यंतच्या सात महिन्यांत त्याचे ऐंशी हजार होतात. दोन्ही मिळून 3 लाख 80 हजार, आणि एकही ठेव मुदतीआधी मोडायला लागत नाही. उरलेल्या 6 लाखांच्या ठेवी आजारपणासाठी आहेत, त्या तशाच राहू द्या. सहलीची मर्यादा मग चार लाख नाही, पावणेचार.

आणि यात बसायचं असेल तर नाताळ सोडा. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मुंबई-लंडन तिकिटं आणि तिथली हॉटेलं खूप महाग असतात. 25 डिसेंबरला लंडनमध्ये ना ट्यूब म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, ना बस. दिवसभर खोलीत बसायचे पैसे मोजावे लागतात. रोषणाई बघायची हौस मी समजू शकतो, पण जानेवारीचा तिसरा-चौथा आठवडा घ्या. सुट्ट्यांची गर्दी ओसरलेली असते आणि फेब्रुवारीतली शाळांची सुट्टी अजून लागलेली नसते. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, जानेवारीअखेर पाऊण-एक तास जास्तीचा उजेड मिळतो. थंडी तेवढीच असेल, ती तुम्ही सोसलेली आहे.

शहर ओळखीचं आहे याचा खरा फायदा इथे होतो. तुम्हाला टूर कंपनीची गरज नाही. टूर पॅकेज घेतलं की पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. स्वतः बुकिंग करून प्रवासासाठी परकीय चलन घेतलंत तर आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत टीसीएस नाही. मध्य लंडनमधल्या हॉटेलऐवजी वेम्ब्ली पार्कजवळ स्वयंपाकघर असलेला छोटा फ्लॅट बघा. भाजी-पीठ कुठे मिळतं ते तुम्हाला सांगायला नको. तिथून ज्युबिली लाइनने काही मिनिटांत डॉलिस हिल, म्हणजे 1932 पासूनचं आपलं महाराष्ट्र मंडळ. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट यांना आजही प्रवेश फुकट आहे. हिवाळ्यात उबेला बसायला याहून चांगल्या जागा नाहीत. मैत्रिणीला किंग हेन्रीज रोडवरचं डॉ. आंबेडकरांचं घर दाखवा. तुम्ही होतात तेव्हा ते स्मारक नव्हतं, महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं.

मात्र तुमच्या डोक्यातले दर वीस वर्षांपूर्वीचे आहेत, आणि चार लाखांचा अंदाज त्यावरच बेतलाय असं मला वाटतं. तेव्हा पौंड सत्तर-ऐंशी रुपयांच्या आसपास होता, आता 115च्या वर आहे. तुम्ही लिहिलंय की कपाटात तेव्हाचे 180 पौंड जपून ठेवलेत. त्या कागदी नोटा आता दुकानात कोणी घेणार नाही. 2022च्या सप्टेंबरअखेर शेवटच्या कागदी नोटाही चलनातून गेल्या. फेकू मात्र नका. थ्रेडनीडल स्ट्रीटवर बँक ऑफ इंग्लंडच्या काउंटरला त्या बदलून मिळतात, त्याला मुदत नाही. पासपोर्ट सोबत न्या. खरेदीवरचा व्हॅट विमानतळावर परत मिळायचा, तेही 2021 पासून बंद आहे. बसमध्ये रोख चालत नाही, कार्ड टेकवावं लागतं, आणि एका कार्डावर दोघींचा प्रवास होत नाही. म्हणून दोघींकडे परकीय चलनावर जादा आकार न लावणारं वेगवेगळं कार्ड हवं. हीथ्रोहून नवी एलिझाबेथ लाइन लवकर पोचवते, पण जुनी पिकॅडिली निम्म्याहून कमी भाड्यात नेते.

आता मैत्रिणीचे दीड लाख. जागा विकली की, म्हणजे कधी? तारीख नसलेल्या पैशावर मी कोणालाही उसने द्या म्हणत नाही, आणि इतक्या जुन्या मैत्रीत तर नाहीच. त्यात ही रक्कम व्हिसाच्या तोंडावर तिच्या खात्यात जमा झाली तर अर्ज तपासणारा अधिकारी नेमका तिथेच अडेल. अचानक आलेली मोठी रक्कम त्यांना खुपते. बक्षीस म्हणून द्याल तर कायद्याने मैत्रीण नातेवाईक धरत नाहीत. अशा भेटी वर्षात 50,000च्या पुढे गेल्या की सगळी रक्कम तिच्या करपात्र उत्पन्नात येते.

म्हणून सहलच तिच्या अडीच लाखांच्या जवळ आणा. जानेवारी, वेम्ब्ली, घरचं जेवण आणि दोन आठवड्यांऐवजी दहा दिवसांचा मुक्काम, एवढ्याने बरंच अंतर कटेल. फ्लॅटचं भाडं तुम्ही एकटीने भरा, तुम्हाला एकटीला गेलात तरी ते जवळपास तेवढंच पडलं असतं. ते परत मागायचं नाही, मनातही नाही, आणि हे तिला आजच सांगा. तरीही थोडे कमी पडले तर बँकेतून ट्रान्सफर करा आणि दोन ओळींचं लिहून ठेवा. 20,000 किंवा जास्तीचं कर्ज रोखीने देता-घेता येत नाही.

विम्यात काटकसर नको. परदेशी पाहुण्याला दाखल करून घ्यावं लागलं तर एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, ठरलेल्या दराच्या दीडपट बिल लावते. ओल्या फुटपाथवर पाय घसरून खुबा मोडला तर तुमच्या 6 लाखांची सहज वाट लागेल. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत हे फॉर्मवर लिहाच. लपवलं तर दावा फेटाळायला कारण मिळतं.

मुलाचं म्हणाल तर त्याचा हिशेब देश मोजण्याचा आहे. तुम्हाला जे हवंय ते व्हिएतनाममध्ये मिळणार नाही. आज पैसा आहे, गुडघे साथ देतायत आणि सोबतीला हक्काचं माणूस आहे. 70व्या वर्षी तिन्ही एकदम असतील याची खात्री मी देऊ शकत नाही. त्याला ठेवींचा कागद दाखवा, त्याची काळजी बहुधा तिथे मिटेल.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि फी माणशी सव्वाशे पौंडांच्या पुढे आहे. ऑक्टोबरअखेर अर्ज टाका, नोव्हेंबरात ठेव पिकली की तिकिटं काढा. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं काहीही बुक करू नका.